मार्क न बघता दिलेली भेट

बालमित्रांनो,

सहामाहीचे पेपर हातात पडले, सहलीच्या चिठ्ठीवर आईबाबांची सही झाली आणि कपाटाच्या तळाशी गेलेला स्वेटर वर आला, की ओळखायचं, डिसेंबर आला! आणि डिसेंबर आला की पाठोपाठ नाताळ आलाच. दुकानांच्या दारात कागदी चांदण्या लोंबायला लागतात. बेकरीवाला काचेच्या कपाटात केक मांडून ठेवतो. लाल टोपी आणि कापसाची दाढी लावलेले सांताक्लॉज चौकाचौकात दिसू लागतात. तुमच्यापैकी काही जणांच्या घरी हा सण असतो. त्यांना यातलं पुष्कळसं ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी मात्र नाताळ म्हणजे सुट्टी, केक आणि सांताक्लॉज! तेव्हा या आठवड्यात आपण नाताळच्या जरा आत शिरू या. ख्रिस्ती लोक हा सण का पाळतात, त्यांना त्या रात्री नेमका कशाचा आनंद होतो, ते बघू या.

याला निमित्तही तसंच झालंय. सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र माझ्यापुढे आहे. तिचं नाव सांगत नाही, तिनंच तशी अट घातली आहे. तिच्या शाळेत सुट्टी लागण्याआधी सांताक्लॉज येतो. 'वर्षभर शहाण्यासारखी वागणाऱ्या मुलांनाच तो भेट देतो,' असं तिला कुणीतरी सांगितलंय. आणि हिला सहामाहीत गणितात पडले आहेत 100 पैकी 31. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पत्राच्या शेवटी ती विचारते, 'सांताक्लॉजचं जाऊ दे काका, दाढीमागे आमचे पीटीचे सर असतात ते मला माहीत आहे. पण देवसुद्धा मार्क बघूनच प्रेम करतो का?'

बघा, प्रश्न केवढा मोठा आहे! भल्याभल्यांना तो पडतो, पण विचारायचं धाडस होत नाही. मी आपलं काहीतरी गोड उत्तर देऊन मोकळा होण्यापेक्षा, आपण नाताळच्या मूळ गोष्टीलाच हा प्रश्न विचारू या.

त्याआधी एक छोटीशी परीक्षा. (घाबरू नका, हिचे मार्क कुणी बघणार नाही!) प्रश्न तीनच आहेत.

1. येशूचा जन्म कोणत्या तारखेला झाला, असं बायबलमध्ये लिहिलं आहे?

2. बाळाला बघायला पूर्वेकडून किती ज्ञानी माणसं आली, असं बायबल सांगतं?

3. बाळाशेजारी कोणते दोन प्राणी उभे होते, असं बायबलमध्ये आहे?

'25 डिसेंबर', 'तीन', 'बैल आणि गाढव' अशी उत्तरं तुम्ही दिलीत ना? तिन्ही चुकली! कारण बायबलमध्ये यातलं काहीच सांगितलेलं नाही. तारीख दिलेली नाही. इसवी सन 336 मध्ये रोम शहरात 25 डिसेंबरला हा सण पाळल्याची जुनी नोंद आहे, आणि पुढे तीच तारीख जगात बहुतेक ठिकाणी रूढ झाली. जुनं कॅलेंडर पाळणारे रशियातले ख्रिस्ती लोक अजूनही 7 जानेवारीला नाताळ करतात. ज्ञानी माणसांचा आकडाही दिलेला नाही. त्यांनी आणलेल्या वस्तू तीन, म्हणून लोकांनी माणसंही तीन धरली. आणि बैल-गाढव चित्रकारांनी आणि देखावे करणाऱ्यांनी आणून उभे केले.

मग बायबल सांगतं तरी काय? येशूचं चरित्र सांगणारी चार छोटी पुस्तकं बायबलमध्ये आहेत. त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांनी ती ओळखली जातात. (हे 'मार्क' वेगळे हं!) यांपैकी जन्माची हकिगत मत्तय आणि लूक या दोघांनीच सांगितली आहे. त्यातल्या लूकची गंमत बघा. तारीख सांगायला तो विसरतो, पण एक वस्तू मात्र थोड्याशा ओळींत तीन तीनदा सांगतो. ती वस्तू म्हणजे गव्हाण!

शहरातल्या मुलांना गव्हाण म्हणजे काय ते माहीत नसेल. गोठ्यात गाईबैलांपुढे वैरण टाकायची जी जागा असते ना, दगडामातीची नाहीतर लाकडाची, ती गव्हाण. गाईची लाळ, कडब्याचा चुरा, माशा, सगळं तिथं असतं. तिथं एक बाळ कसं काय जाऊन पडलं?

ऐका तर. सुमारे 2000 वर्षांपूर्वीची गोष्ट. रोमचा सम्राट औगुस्त याचं तेव्हा राज्य होतं. राज्यातल्या सगळ्यांची नावनिशी करायचा हुकूम सुटला. ज्यानं त्यानं आपापल्या मूळ गावी जाऊन नाव लिहवायचं. गालील प्रांतातल्या नासरेथ गावात योसेफ नावाचा सुतार राहत होता. त्याचं मूळ गाव बेथलेहेम. नकाशावर सरळ रेघ मारली तरी ते 110 किलोमीटर दूर, म्हणजे जवळजवळ पुण्याहून सातारा! एसटी नाही, रेल्वे नाही. आणि बरोबर मरिया, तिचे दिवस भरत आलेले. बेथलेहेमला पोचले तर उतारशाळेत जागा नाही. तिथंच मरियेला मूल झालं. तिनं बाळाला फडक्यात गुंडाळलं आणि दुसरी जागाच नव्हती, म्हणून गव्हाणीत ठेवलं.

बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ सांगतात 'भाकरीचं घर'. भाकरीच्या घरात बाळाला जागा मिळाली ती गुरांच्या ताटात!

आता पुढची गोष्ट नीट लक्ष देऊन ऐका, कारण आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. ही बातमी सगळ्यांत आधी कुणाला कळली असेल? बेथलेहेमपासून नऊ-दहा किलोमीटरवर यरुशलेम हे मोठं शहर. तिथं हेरोद राजाचा वाडा होता. भव्य मंदिर होतं. शास्त्र तोंडपाठ असलेले पंडित होते. म्हणजे 'मेरिट लिस्ट'मधली सगळी माणसं तिथं होती. त्यांतल्या एकाकडेही देवदूत गेला नाही. तो गेला रानात, रात्री मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांकडे. उघड्यावर राहणारी, थंडीवाऱ्यात जागणारी, गावाच्या गणतीत नसलेली माणसं ती. देवदूतानं आधी त्यांना भिऊ नका म्हणून सांगितलं. मग सांगितलं की सगळ्या लोकांसाठी आनंदाची बातमी आहे, तुमचा तारणारा जन्मला आहे. आणि खूण कोणती दिली? तर फडक्यात गुंडाळलेलं आणि गव्हाणीत निजवलेलं बाळ. राजवाड्यातला पाळणा सांगितला असता, तर मेंढपाळ दाराशीच अडले असते. पण गव्हाण? ती तर त्यांच्या रोजच्या ओळखीची! ते धावतच गेले.

त्या मेंढपाळांनी काय मोठं पुण्य केलं होतं? लूक त्याबद्दल चकार शब्द लिहीत नाही. ते फार चांगले होते असं म्हणत नाही, वाईट होते असंही म्हणत नाही. त्यांनी कुठलीही परीक्षा दिली नव्हती, पास झाले नव्हते, नापासही झाले नव्हते. भेट आधीच निघाली होती, त्यांचा पत्ता शोधत!

आता जरा आपल्या मराठीतले शब्द तपासू या. कुणी आपल्याला काही देतं, त्याला आपण किती नावं देतो बघा. महिनाभर काम केलं की मिळतो तो पगार. शर्यतीत पहिले आलात की मिळतं ते बक्षीस. हे दोन्ही आपण कमावतो. लग्नात देतात तो आहेर. तो कमवावा लागत नाही, पण त्याचा हिशेब असतो! मांडवात एक काका वही घेऊन बसलेले असतात, आठवतंय? कुणी किती रुपये दिले, कुणी भांडं दिलं, सगळं लिहून घेतात. का? तर उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढंच परत करायला हवं.

आणि चौथा शब्द भेट. भेट कमवायची नसते, आणि भेटीची वहीही नसते. ज्याला द्यायची त्याच्यावर माया आहे, एवढंच कारण पुरतं.

पण या शब्दाची खरी मजा पुढेच आहे. मराठीत 'भेट' या शब्दाचे अर्थ दोन! वाढदिवसाला मिळते ती भेट, म्हणजे वस्तू. आणि खूप दिवसांनी मामा आला की होते तीही भेट, म्हणजे भेटणं. रामायणातली भरतभेट तुम्हांला ठाऊकच आहे. तिथं कुणी कुणाला खोकं दिलं नव्हतं!

ख्रिस्ती लोकांना नाताळात जो आनंद होतो, तो या दोन्ही अर्थांचा मिळून आहे. त्यांची श्रद्धा अशी, की देवानं माणसांना द्यायची भेट म्हणून एखादी वस्तू पाठवली नाही, तो स्वतःच माणसांच्या भेटीला आला. देणारा आणि भेटवस्तू वेगळी उरलीच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन ख्रिस्ती मुलांना अगदी लहानपणापासून पाठ असतं. त्याचा मथितार्थ असा: देवाची जगावर इतकी माया, की आपला एकुलता एक मुलगाच त्यानं जगाच्या ओटीत घातला. आणि मत्तय या बाळाला आणखी एक नाव देतो, इम्मानुएल. त्याचा अर्थ 'देव आमच्याजवळ आहे'. नुसता वर आहे, लांबून बघतो आहे, असं नाही. जवळ आहे.

कोकणातल्या मुलांना हे चटकन कळेल. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी येतो. हातात पिशव्या असतात, खाऊ असतो, आजीसाठी लुगडं असतं. पण आजी आधी काय बघते? पिशवी की नातवाचं तोंड? ती त्याच्या गालांवरून हात फिरवते, कानशिलांवर बोटं मोडते. पिशवी ओटीवर तशीच पडून असते. मनिऑर्डर तर दर महिन्याला येतच होती. आज तो स्वतः आला!

देव भक्ताच्या भेटीला येतो, ही कल्पना आपल्याला नवी नाही. पुंडलिकाच्या दारी विठोबा आला आणि विटेवर उभा राहिला, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. नाताळच्या गोष्टीत देव येतो तो तान्हं बाळ होऊन. का बरं? एवढा मोठा देव, गडगडाट करत आला असता, तर सगळं जग पायांवर लोळलं नसतं का?

लोळलं असतं, पण भीतीनं. तान्ह्या बाळाला कुणी भितं का? बाळ दारात आणलं की रागीट माणूससुद्धा बोट पुढे करतो आणि बाळ ते मुठीत धरतं. प्रेम धाकानं मिळत नाही. ज्याला प्रेम हवं असतं, तो आधी स्वतः लहान होतो. देवानं तेच केलं, असं ख्रिस्ती माणूस मानतो.

पुढे पूर्वेकडचे ज्ञानी लोकही आले. ते विद्वान होते, ताऱ्यांचा माग काढत लांबून आले होते. त्यांनी सोनं, ऊद आणि गंधरस अर्पण केला. सोनं राजाला देतात. ऊद देवापुढे जाळतात. आणि गंधरस त्या काळी मृतदेहाला लावण्यासाठीही वापरत. बाळाच्या बारशाला हे काय आणलं, असं वाटतं ना? पण हेच बाळ मोठं झालं, आजाऱ्यांना बरं करत, टाकलेल्या माणसांच्या पंगतीला बसत गावोगाव हिंडलं, आणि शेवटी त्याला क्रुसावर प्राण द्यावा लागला. माणसांना पापातून सोडवण्यासाठी त्यानं तो आपणहून दिला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. म्हणून गव्हाण आणि क्रूस ही त्यांना एकाच भेटीची दोन टोकं वाटतात.

ही जन्मकथा मराठीत ओव्यांतून सांगितली गेली त्याला 400 वर्षं उलटून गेली, बरं का! फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज धर्मगुरू. गोव्यात राहून ते मराठी शिकले आणि त्यांनी दहा हजारांवर ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं. 'नाताळ' हा शब्दही गोवा-वसईच्या बाजूनंच आपल्याकडे आला. पोर्तुगीज भाषेत 'नाताल' म्हणजे जन्माचा सण. आणि गव्हाणीचा देखावा घरोघरी मांडतात ना, त्यामागे इटलीतल्या असिसी गावचे संत फ्रान्सिस आहेत. 1223 च्या नाताळात त्यांनी ग्रेचो नावाच्या डोंगराळ गावात खरीखुरी गव्हाण मांडली, तिच्यात गवत भरलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं. बाळ किती गरिबीत जन्मलं ते लोकांनी डोळ्यांनी बघावं, अशी त्यांची इच्छा होती. गोव्यात या देखाव्याला 'गोठो' म्हणतात. आपलाच गोठा!

आता सांताक्लॉजचाही निकाल लावून टाकू. या नावामागे खरोखरचा एक माणूस आहे. संत निकोलस, चौथ्या शतकातले मायरा गावचे बिशप. ते गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. त्यांची एक गोष्ट सांगतात. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती. निकोलसनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या नाण्यांची थैली आत टाकली. एकदा नाही, तीन वेळा! कुणी दिली ते कळू नये म्हणून ही धडपड. मुलींचं प्रगतिपुस्तक त्यांनी मागितलं नव्हतं. चांगल्या आणि वाईट मुलांची यादी ही नंतरच्या लोकांनी घातलेली भर आहे.

तेव्हा मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाताळची गोष्ट अशी देते: नाही. देव मार्क बघून प्रेम करत नाही. तो आधी प्रेम करतो. तू 31 मिळवलेस म्हणून ते कमी होत नाही आणि 91 मिळवलेस म्हणून वाढणारही नाही.

आता मागच्या बाकावरून कुणीतरी हात वर केला असणार! 'काका, मग अभ्यास कशाला करायचा? चांगलं तरी कशाला वागायचं? भेट तर मिळणारच आहे!'

शंका रास्त आहे. पण जरा आठवून बघा. घरी कुणीतरी आपल्यावर निर्धास्त प्रेम करतं, अशा घरातलं मूल आळशी होतं की धीट? ज्याला पडण्याची भीती नसते, तोच सायकल लवकर शिकतो, कारण मागे कुणीतरी धरून असतं. चांगलं वागणं ही त्या प्रेमाची किंमत नव्हे, ते त्या प्रेमाचं फळ. आधी मूळ, मग फळ. हा क्रम उलटा केला की सगळा घोटाळा होतो.

शेजारून फराळाचं ताट आलं की आई ते रिकामं परत पाठवत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालते. गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, बेबिंक यांचं ताट शेजारी जातं, तिथंही असाच जिव्हाळा. पण देवाचं ताट परत कसं करायचं? त्याला काय कमी आहे? येशूनं मोठेपणी याचं उत्तर सांगून ठेवलं. भुकेल्याला, परक्याला, आजाऱ्याला, तुरुंगातल्याला जे द्याल, ते मला पोचलं असं मी समजेन. म्हणजे हे ताट मागे फिरवायचं नाही, पुढच्या दारी न्यायचं.

असं ताट पुढच्या दारी नेणारी एक बाई आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म 1858 चा. तरुणपणीच त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात उपासमारीनं गेली. संस्कृतची विद्या मात्र अशी, की कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हणून गौरवलं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये असताना त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून इथं त्यांच्यावर टीकाही खूप झाली. पुढे 1896-97 चा मोठा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि विधवा, अनाथ, हाडांचे सापळे झालेल्या मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांच्यासाठी 'मुक्ती' हे घर उभं राहिलं. त्या मुलींकडे परतफेडीला काय होतं? नातेवाईक नाहीत, पैसा नाही, अंगात चालायचं बळ नाही. रमाबाईंनी आधी त्यांचा जीव वाचवला, मग त्यांना लिहायला-वाचायला, विणायला, छापखाना चालवायला शिकवलं. रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. 1922 मध्ये त्या वारल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम पुरं झालं होतं. ते छापण्याचं काम याच 'मुक्ती'तल्या बायकांनी केलं! दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींचं घर ते. आधी भेट, मग फळ. क्रम बघितलात ना?

आता दोन शब्द आईबाबांशी. (मुलांनो, हा परिच्छेद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. कान उपटले तर माझं नाव सांगा.)

आईबाबांनो, मार्कांना महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. गणित कच्चं राहिलं तर मुलाला शेजारी बसवून ते पक्कं करून घ्यायलाच हवं. रागावायचं असेल तर रागवाही. पण अबोला धरू नका. अबोल्यानं अपूर्णांक सुधारत नाहीत. तुमच्या मनात असतं, 'हिच्या भल्यासाठीच तर करतोय.' मुलाला मात्र एवढंच ऐकू येतं, की या घरात माझी किंमत 31 आहे. पुढे आयुष्यात जग तिला पदोपदी मार्क देणारच आहे. नोकरीत देईल, सासरी देईल, चारचौघांत देईल. एक जागा तरी अशी असू द्या, जिथं दार उघडताना कुणी निकाल विचारत नाही. ख्रिस्ती माणूस त्या जागेला देवाचं प्रेम म्हणतो. मुलांना त्याची पहिली ओळख होते ती तुमच्याच घरात.

आणि मुलांनो, या आठवड्याचं काम. नाताळच्या सुट्टीत एक भेट द्यायची, दोन्ही अर्थांनी! दुकानातून आणायची नाही. स्वतः जायचं. आजारी म्हणून शाळेत न येणारा मित्र, वर्गात जिच्याशी कुणी डबा खात नाही अशी मुलगी, वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजी, सोसायटीचे रखवालदार काका, कुणीही चालेल. अट एकच. ज्याच्याकडून परत काहीच मिळणार नाही, त्याच्याकडेच जायचं. तासभर बसायचं, गप्पा मारायच्या, ऐकून घ्यायचं. कुणाला भेटलात, काय झालं, ते मला पत्रानं कळवा. आणि ज्यांच्या घरी नाताळ आहे, त्यांनी वर्गातल्या एकाला तरी आपला गोठा बघायला घरी न्या. गव्हाण कुठली ते दाखवा. बैल-गाढवाची हकिगतही सांगा!

जाता जाता बेथलेहेमची आणखी एक गंमत. येशूचा जन्म जिथं झाला असं मानतात, तिथं एक अतिशय जुनं चर्च आहे. पहिलं चर्च चौथ्या शतकात बांधलं, सहाव्या शतकात ते पुन्हा उभारलं, आणि तेच आजही उभं आहे. 2012 मध्ये त्याची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली. एवढ्या मोठ्या चर्चला दार केवढं असेल? जेमतेम चार फूट उंचीचं! घोड्यावर बसून कुणी आत घुसू नये म्हणून ते बुजवून लहान केलं, असं सांगतात. राजा येवो, राष्ट्राध्यक्ष येवो, आत जायचं तर कमरेत वाकावंच लागतं.

फक्त पहिलीतली मुलं तेवढी न वाकता, ताठ मानेनं, धावत आत जातात!

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा.

तुमचा,
काका